तळटीप: केशवराव भोसले

३. हे केशवराव म्हणजे कोल्हापूरचे गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१). लेखकाच्या औरंगाबादकर पिढीला ते ठाऊक होते ते ऐकीव आठवणींतूनच. लहानपणी ‘शारदा’ नाटकातली नायिका करून त्यांनी नाव काढले, १९०८ साली हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी उभारली. आवाज उंच, धारदार. युरोपच्या ऑपेरात टेनर गायकाचा जो मान, तोच संगीत रंगभूमीवर यांचा. जुलै १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगात ते धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी. त्या रात्री सरस कोण ठरले, हा वाद रसिकांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या घातला. आमच्या मते तो फोल. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव विषमज्वराने गेले. मंडळी बापूराव पेंढारकरांनी चालवली.