छोट्या कॉम्प्युटरसाठी पॉवर सप्लाय कसा निवडायचा? वॅट, व्होल्ट आणि गावाकडची लाइट

कमी वीज खाणारे छोटे कॉम्प्युटर, म्हणजे रास्पबेरी पाय किंवा इंटेल एन१०० प्रोसेसरचे मिनी पीसी, आता बऱ्याच घरांत दिसतात. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँकेची कामं, सगळं त्यावर होतं. पण कॉम्प्युटर घेताना रॅम किती, एसएसडी किती हे सगळे विचारतात, अडॅप्टरचं कोणी विचारत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात राहत असाल, तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज उतरतो, पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करते. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला मशीन बंद पडलं, तर नवा अडॅप्टर आणायला शहादा किंवा नंदुरबार गाठावं लागतं.

आधी मोजा, मग घ्या

दुकानदार म्हणतो, "मोठाच घ्या, पुढे कामाला येईल." छोट्या कॉम्प्युटरच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याचदा चुकतो. एन१०० चा मिनी पीसी साध्या कामाला साधारण १० ते १५ वॅट घेतो, जोर लावला तर २५-३० पर्यंत जातो. त्याला जुन्या डेस्कटॉपचा ४५० वॅटचा एसएमपीएस जोडला, तर तो स्वतःच्या क्षमतेच्या तीन-चार टक्क्यांवरच चालतो. इतक्या कमी लोडवर त्याची कार्यक्षमता ६० टक्क्यांपर्यंतही घसरू शकते. डब्यावर '८० प्लस' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते प्रमाणपत्र साधारणपणे २०, ५० आणि १०० टक्के लोडवरच्या चाचणीवर मिळतं. ४५० वॅटचे २० टक्के म्हणजे ९० वॅट, आणि आपला कॉम्प्युटर तिथे कधी पोचतच नाही.

हिशोब बघा. कॉम्प्युटरला १५ वॅट लागतात. ६० टक्के कार्यक्षमतेला भिंतीतून २५ वॅट ओढले जातात, ८५ टक्क्यांना साधारण १७.५. मशीन रात्रंदिवस चालू असेल, तर वर्षाला ६५ युनिटच्या आसपास फरक पडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लाइट गेल्यावर तीच बॅटरी लवकर उतरते.

वॅटमीटर नसेल तर घरातला वीज मीटर वापरा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला '३२०० इम्पल्स' असा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. ११२५० ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळाले. ४५० सेकंद लागले, तर २५ वॅट. (तुमच्या मीटरवर १६०० लिहिलं असेल, तर २२५०० ला भागा.)

लेबलवर काय वाचायचं?

• व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. १२ व्होल्टच्या मशीनला १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टर लावू नका, पिन बसली तरी.
• अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. मशीन हवे तेवढेच अँपिअर घेतं.
• वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. मोजलेल्या जास्तीत जास्त लोडच्या वर ३०-४० टक्के जागा ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत अडॅप्टर काठावर चालवला, तर लवकर मरतो.
• गोल पिन असेल तर प्लस आत आहे की बाहेर, याचं चिन्ह दोन्हीकडे सारखं हवं. ५.५ मिलिमीटरच्या पिनमध्येही आतलं छिद्र २.१ आणि २.५ अशा दोन मापांचं येतं.
• इनपुट १००-२४० व्होल्ट असावा. असा अडॅप्टर व्होल्टेज १६०-१७० वर उतरला तरी चालतो, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही.
• बीआयएसची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. कॉम्प्युटरच्या अडॅप्टरला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की तो खरा आहे का ते कळतं.

रास्पबेरी पायची वेगळी गोष्ट

पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर, म्हणजे साधारण २५ वॅट. "माझ्याकडे ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर आहे की!" असं वाटेल. पण तो चार्जर ६५ वॅट देतो ते २० व्होल्टवर. ५ व्होल्टवर बहुतेक चार्जर ३ अँपिअरच देतात. तेवढ्यावर पाय ५ चालतो, पण यूएसबी पोर्टना मिळून फक्त ०.६ अँपिअर मिळतो. मग बाहेरची हार्ड डिस्क अडकते.

केबलही बघा. वायर बारीक असेल आणि तिचा एकूण रोध ०.१५ ओहम असेल, तर ३ अँपिअरला ०.४५ व्होल्ट वायरीतच जातात. पायपर्यंत पोचतात ४.५५. साधारण ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं आणि प्रोसेसर मंदावतो. कार्डावर लिहिणं चालू असताना असं झालं, तर फाइली खराब होऊ शकतात.

लाइट गेल्यावर

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'इको' वरून 'यूपीएस' वर ठेवा, म्हणजे तो पटकन बॅटरीवर येतो. फक्त कॉम्प्युटर आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. त्याच्या एमएएचचा हिशोब आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर करायचा असतो. ८८०० एमएएच म्हणजे ३२.५ वॅट-तास. १५ वॅटवर, गळती धरून, पावणेदोन तासांच्या आसपास. त्याचा आउटपुट किती अँपिअरचा आहे तेही बघा. २ अँपिअर म्हणजे २४ वॅटच.

सोलरची किंवा ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी मात्र सरळ जोडू नका. ती चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते आणि उतरल्यावर ११ च्या खाली येते. मध्ये ९ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर १२ देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका.

कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज घातक

तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटला, तर घरात २३० च्या जागी ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. साधा स्पाइक गार्ड इथे पुरत नाही. मेन बोर्डवर जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण वायरमनकडून बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. वीज कडाडायला लागली की अडॅप्टर आणि राउटरची वायर दोन्ही काढून ठेवा.

थोडक्यात क्रम असा: लोड मोजा, व्होल्ट जुळवा, अँपिअरला थोडी जागा ठेवा, नोंदणी क्रमांक तपासा, मग बॅकअप. आणि जमलं तर त्याच मापाचा दुसरा अडॅप्टर कपाटात ठेवा. तालुक्याला एक खेप मारण्याच्या त्रासापुढे त्याची किंमत फार नाही.