स्तनकर्करोगाविषयीचे भित्तिपत्रक : दिल्ली मेट्रोतील वाद आणि जनजागृतीची भाषा

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली मेट्रोच्या एका गाडीत लावण्यात आलेली स्तनकर्करोगविषयक जाहिरात वादग्रस्त ठरली आणि प्रवाशांच्या आक्षेपानंतर ती तातडीने काढण्यात आली. जनजागृतीसाठी तयार केलेल्या भित्तिपत्रकात नेमके काय असावे, कोणते शब्द वापरावेत आणि पाहणाऱ्याने ते वाचल्यानंतर काय करणे अपेक्षित आहे, हे प्रश्न त्या निमित्ताने चर्चेत आले. उपयोजित कला, जाहिरात आणि जनसंज्ञापन या विषयांच्या वर्गांत आरोग्यविषयक भित्तिपत्रक हा नेहमीचा प्रकल्प आहे. स्तनकर्करोगावर असे पत्रक तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांना दिल्लीतील हे उदाहरण बरेच काही शिकविणारे आहे.

दिल्लीत काय घडले

क्रिकेटपटू युवराजसिंग यांच्या 'यू वी कॅन' या संस्थेची ही जाहिरात होती. स्वतः कर्करोगावर मात केलेल्या युवराजसिंग यांची ही संस्था कर्करोगाविषयी जागृतीचे काम करते. जाहिरातीत बसमधील एक स्त्री हातात संत्री घेतलेली दाखविण्यात आली होती आणि महिन्यातून एकदा आपली 'संत्री' तपासावीत, असे आवाहन इंग्रजीत करण्यात आले होते. लवकर निदान झाल्यास जीव वाचतो, अशी ओळही त्यासोबत होती. स्तन हा शब्द आवाहनाच्या ओळीत नव्हता.

या जाहिरातीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर प्रसारित होताच तिच्यावर टीका झाली. स्त्रीच्या अवयवाला फळाची उपमा देणे अवमानकारक असून, ज्या अवयवाच्या आजाराविषयी बोलायचे त्याचे नाव घेण्यासही संकोच का, असा प्रश्न अनेक महिलांनी विचारला. दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने जाहिरात अनुचित असल्याचे मान्य करून ती हटविल्याचे जाहीर केले. स्तनकर्करोगाविषयी उघडपणे बोलणे लोकांना कठीण जाते आणि त्यामुळेच प्रतीकाचा विचारपूर्वक आधार घेतला, अशी भूमिका संस्थेच्या वतीने मांडण्यात आली.

संकोचाविषयीचे संस्थेचे निरीक्षण वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र ज्या संकोचामुळे स्त्रिया डॉक्टरांकडे उशिरा जातात, तोच भित्तिपत्रकाने पाळला तर त्याचा हेतू कसा साध्य होणार, हा या वादातील मूळ मुद्दा आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा या रोगाने मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. त्याच वर्षी जगभरात सुमारे २३ लाख नव्या रुग्णांची आणि ६ लाख ७० हजार मृत्यूंची नोंद अंदाजित करण्यात आली. पाश्चात्य देशांच्या तुलनेत भारतात हा रोग कमी वयात आढळतो आणि अनेक रुग्ण तो पुढच्या अवस्थेत गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात.

तपासणीचे प्रमाण याहून बोलके आहे. २०१९–२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वर्षे वयोगटातील अवघ्या ०.९ टक्के स्त्रियांची स्तनकर्करोगासाठी कधी ना कधी तपासणी झाली होती. म्हणजे शंभरांपैकी नव्याण्णव स्त्रियांना या तपासणीचा अनुभवच नव्हता. भित्तिपत्रकाचा खरा वाचक या नव्याण्णव जणींमध्ये आहे.

लिंबे आणि संत्री

फळाची उपमा दिली म्हणून पत्रक अपयशी ठरते, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. अमेरिकी रचनाकार कोरिन ब्यूमाँट यांनी तयार केलेले लिंबांचे चित्र याच विषयावरील जगातील सर्वांत परिचित चित्रांपैकी एक आहे. अंड्यांच्या खोक्यात मांडलेली बारा लिंबे असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक लिंबावर रोगाचे एकेक लक्षण दाखविले आहे. एकावर खळगा आहे, एकाची साल जाड झाली आहे, एकाचे टोक आत ओढले गेले आहे, एकातून द्रव पाझरतो आहे. २०१७ च्या प्रारंभी हे चित्र समाजमाध्यमांतून जगभर पोहोचले आणि अनेक भाषांत त्याचा वापर झाला.

दोन्ही चित्रांतील भेद स्पष्ट आहे. लिंबांच्या चित्रात फळ माहिती देते. वाचता न येणाऱ्या स्त्रीलाही खळगा म्हणजे काय आणि टोक आत ओढले जाणे म्हणजे काय, हे त्यातून दिसते. दिल्लीतील जाहिरातीत संत्रे केवळ एका शब्दाच्या जागी आले होते. तपासणीत काय पाहायचे, हे त्या फळातून समजत नव्हते.

विशेष म्हणजे संत्र्याचा आणि या रोगाचा एक वैद्यकीय संबंध आहे. स्तनाची त्वचा सुजून तिच्यावर बारीक खळगे दिसू लागतात, तेव्हा तिला 'संत्र्याच्या सालीसारखी त्वचा' असे वैद्यकशास्त्रात म्हणतात आणि हे गंभीर लक्षण मानले जाते. संत्र्याची साल जवळून दाखवून 'त्वचा अशी दिसू लागल्यास डॉक्टरांना दाखवा' असे लिहिले असते, तर तेच फळ उपयोगी ठरू शकले असते.

संदेश कोणता असावा

महिन्यातून एकदा ठरावीक पद्धतीने स्वतःची तपासणी करावी, हा संदेश अनेक वर्षे सर्वत्र दिला जात होता. चीनमधील शांघाय येथे कापड उद्योगातील सुमारे २ लाख ६६ हजार महिला कामगारांचा अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वपरीक्षण शिकविलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. त्यानंतर ठरावीक दिवशीच्या स्वपरीक्षणापेक्षा 'स्तनांविषयी सजगता' या कल्पनेवर भर देण्यात येऊ लागला. आपले स्तन एरवी कसे असतात हे स्त्रीला ठाऊक असावे आणि बदल जाणवताच तिने विलंब न करता तपासून घ्यावे, असा तिचा अर्थ आहे.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला. टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित महिला आरोग्य कर्मचाऱ्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हाताने स्तनतपासणी केली आणि रोगाची माहिती दिली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार करता मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही. मात्र ५० वर्षांवरील स्त्रियांमध्ये मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नसतानाही प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी उपयुक्त ठरते, हे यातून दिसून आले.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांकडून अशी तपासणी करण्याची तरतूद आहे. त्यामुळे 'मॅमोग्राफी करून घ्या' एवढाच संदेश देणारे पत्रक, जिच्या परिसरात हे क्ष-किरण तपासणीचे यंत्रच नाही अशा स्त्रीला कोणताही मार्ग दाखवत नाही.

पत्रकात नमूद करण्याजोगी लक्षणे

• स्तनात किंवा काखेत गाठ अथवा घट्टपणा जाणवणे
• स्तनाच्या आकारात किंवा ठेवणीत नव्याने फरक पडणे
• त्वचेवर खळगा पडणे, लाली येणे किंवा त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे
• स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यावर बरी न होणारी जखम होणे
• स्तनाग्रातून रक्त अथवा असाधारण स्राव येणे

या यादीपेक्षाही एक वाक्य अधिक मोलाचे ठरू शकते. सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' या समजुतीमुळे अनेक स्त्रिया महिनोन्‌महिने थांबतात. त्याचबरोबर बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही सांगणे आवश्यक आहे. केवळ भीती दाखविणारे पत्रक वाचकाला तपासणीपासून दूर नेऊ शकते. घरात कोणाला हा रोग नव्हता म्हणून आपल्याला धोका नाही, हा समजही चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये स्त्री असणे आणि वय यांखेरीज कोणताही विशिष्ट धोका आढळत नाही. ०.५ ते १ टक्का रुग्ण पुरुष असतात.

शब्द, लिपी आणि रंग

पत्रकाची भाषा वाचकाच्या घरातील असावी. 'छातीत गाठ' असे मोघम लिहिल्यास वाचकाचे लक्ष हृदय किंवा फुप्फुसाकडे जाऊ शकते. 'स्तन' हा शब्द हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत नेमका असून त्यात असभ्य असे काहीही नाही. दिल्लीत तयार झालेला हिंदी मजकूर मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. हिंदीतील 'जाँच' हा शब्द चौकशी आणि तपासणी या दोन्ही अर्थांनी येतो, मराठीत मात्र येथे 'तपासणी' हाच शब्द हवा. मराठी मजकुरात 'ल' आणि 'श' ही अक्षरेही मराठी वळणाची असावीत.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते. काही संगणक प्रणालींमध्ये जोडाक्षरे तुटतात आणि 'कर्करोग' या शब्दातील रफार चुकीच्या जागी जातो. छपाईपूर्वी याची खात्री करणे आवश्यक असते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा अक्षरसंच विनामूल्य उपलब्ध आहे. तीन मीटर अंतरावरून सहज वाचता यावा यासाठी मथळ्याचे अक्षर सुमारे अडीच सेंटिमीटर उंच असावे, असा ढोबळ नियम आहे.

गुलाबी फीत हे चिन्ह १९९२ पासून अमेरिकेतून जगभर पसरले, तर ऑक्टोबर हा जागृतीचा महिना म्हणून पाळण्यास १९८५ मध्ये तेथेच प्रारंभ झाला. ज्यांना या चिन्हाचा अर्थ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी गुलाबी रंग हा केवळ रंग असतो. म्हणून फितीला कोपऱ्यात स्थान देऊन मधली जागा लक्षणांना देणे श्रेयस्कर ठरते.

चित्र कसे असावे, हा प्रश्न अन्यत्रही वादाचा ठरला आहे. २०१६ मध्ये स्वीडनमधील कर्करोग संस्थेची, स्तनतपासणी समजावणारी साध्या वर्तुळांची चित्रफीत फेसबुकने हटविली होती. पुढे कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. साधे रेखाचित्र अशा वेळी सर्वाधिक सुरक्षित आणि सुबोध ठरते. रुग्णाचे छायाचित्र वापरायचे असल्यास तिची लेखी संमती घेणे अपरिहार्य आहे.

पत्ता दिल्याशिवाय पत्रक अपूर्ण

लक्षण ओळखल्यानंतर जायचे कोठे, याचे उत्तर त्याच पत्रकात असावे. दिल्ली आणि परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, दिलशाद गार्डन येथील दिल्ली राज्य कर्करोग संस्था आणि हरियाणातील झज्जर जिल्ह्यातील राष्ट्रीय कर्करोग संस्था ही सार्वजनिक उपचार केंद्रे आहेत. नोएडा येथील राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था तपासणी आणि प्रशिक्षणाचे काम करते. तरीही पहिले पाऊल म्हणून जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव, तपासणीचा वार आणि वेळ देणे अधिक उपयोगी असते. मोठ्या रुग्णालयाच्या नावाने बिचकणारी स्त्री शेजारच्या केंद्रात जाण्यास तयार होते.

वेळेचे महत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवरही मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या अवस्थेत व्हावे, पहिल्या भेटीनंतर ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी संपूर्ण उपचार घ्यावेत, अशी उद्दिष्टे ठेवण्यात आली आहेत.

वर्गातील प्रकल्पाची कसोटी

वर्गात भित्तिपत्रकाला गुण मिळतात ते मांडणी आणि कल्पकतेसाठी. परंतु त्याची खरी परीक्षा वर्गाबाहेर होते. मसुदा तयार झाल्यावर तो महाविद्यालयातील सफाई कर्मचारी, उपाहारगृहातील महिला, विद्यार्थ्यांच्या घरातील आई, मावशी आणि आजी अशा पाच-सहा जणींना काही क्षण दाखवून बाजूला ठेवावा आणि तीन प्रश्न विचारावेत : हे कशाविषयी आहे, काय पाहायला सांगितले आहे आणि कोठे जायला सांगितले आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर मांडणी कितीही आकर्षक असली तरी ती बदलावी लागेल. एखाद्या परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून मजकूर तपासून घेणेही आवश्यक आहे. 'शंभर टक्के बरा होतो' किंवा 'अमुक खाल्ल्याने टळतो' असे दावे पत्रकात येता कामा नयेत.

दिल्ली मेट्रोतील ती जाहिरात निघून गेली, परंतु तिने ज्या संकोचाकडे बोट दाखविले तो कायम आहे. अवयवाचे नाव स्पष्टपणे लिहिणे, लक्षण डोळ्यांना दिसेल असे दाखविणे आणि जवळच्या केंद्राचा पत्ता देणे, एवढे केले तरी वर्गातील साधे भित्तिपत्रक एखाद्या स्त्रीला वेळेवर डॉक्टरांपर्यंत नेऊ शकते.