तीळ, ऊन आणि अक्षांश

मेलॅनोमा म्हणजे त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. १८२० साली इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी अशा एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याचे वडीलही याच प्रकारच्या रोगाने गेले होते आणि घरात पुष्कळ जणांच्या अंगावर तीळ होते. रोगाचा कल आनुवंशिक असावा, असे नॉरिस यांना वाटले. रुग्णांचा गोरा वर्ण व फिकट केस त्यांनी १८५७ मध्ये नोंदवले.

उन्हाचा धागा हाती यायला आणखी शतक लागले. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ हेन्री लँकेस्टर यांनी युरोपीय वंशाच्या लोकांमधील मृत्यूचे आकडे अक्षांशांशी ताडून पाहिले. विषुववृत्त जितके जवळ, तितके मेलॅनोमाचे मृत्यू अधिक! गोऱ्या त्वचेत अतिनील किरण अडवणारे रंगद्रव्य कमी असते.

मग आपण सावळे म्हणून निर्धास्त राहावे का? आपल्याकडे हा रोग कमी आढळतो हे खरे. पण लँकेस्टर यांचे आकडे गोऱ्या लोकांचे होते. सावळ्या लोकांत मेलॅनोमा अधिककरून तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तेथे उन्हाचा संबंध फारसा नसतो आणि रोग उशिरा लक्षात येतो. तळपायावरचा वाढणारा काळा डाग ‘काटा रुतला असेल’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावा. वर्गात हे जरूर सांगा.