टोकियोतील स्वस्त मुक्कामाचा पूर्वेतिहास

टोकियो पाहण्यासाठी पहिल्यांदाच निघालेला आणि खर्चाचा मेळ घालता घालता परवडेल असे अंथरूण शोधणारा प्रवासी शेवटी ज्या पर्यायांपाशी येऊन ठेपतो, ते पर्याय ठरलेले असतात: हॉस्टेलमधील दुमजली खाट, कॅप्सूल हॉटेलमधील जेमतेम माणूसभर लांबीची पेटी, किंवा शहराच्या ईशान्येस मिनामी-सेन्जू भागातील तीन तातामींची खोली. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची जाड बैठी चटई. ती साधारण 180 सेंटिमीटर लांब व 90 सेंटिमीटर रुंद असते आणि जपानात खोलीचे आकारमान अशा चटयांच्या संख्येवरून सांगितले जाते. वरकरणी हे तिन्ही पर्याय वेगळे आणि आधुनिक पर्यटनातून जन्मलेले वाटतात. तथापि जपानच्या 1948 च्या निवास-व्यवसाय कायद्याने त्यांना ‘कान्-ई शुकुशो’, म्हणजे एकच जागा अनेकांनी वापरण्याचे साधे निवासस्थान, या एकाच वर्गात बसवले आहे. या वर्गाची पाळेमुळे परदेशी पर्यटकापर्यंत नव्हे, तर तीर्थयात्रेला निघालेल्या शेतकऱ्यापर्यंत आणि रोजंदारीच्या मजुरापर्यंत जातात. टोकियोतील स्वस्त अंथरुणाचा इतिहास हा मुख्यतः या दोघांचा इतिहास आहे.

तोकुगावा इएयासू 1603 मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी अधिपती, झाला आणि त्याचे एदो हे शहर (आजचे टोकियो) सत्तेचे केंद्र बनले. एदोतील निहोनबाशी या पुलापासून पाच राजमार्ग निघत. त्यांपैकी क्योतोकडे जाणारा तोकाइदो हा सर्वाधिक गजबजलेला मार्ग असून त्यावर 53 टप्पे होते. 1635 मध्ये सरंजामदारांना एक वर्षाआड एदोत राहणे सक्तीचे झाल्यावर त्यांच्या लवाजम्यांसाठी प्रत्येक टप्प्यावर मुक्कामाची उतरंड तयार झाली. सरंजामदारासाठी ‘होन्जिन’ ही राखीव वास्तू, सामान्य पण ऐपतदार प्रवाशासाठी दोन वेळचे जेवण देणारे ‘हातागो’ हे खाणावळवजा निवासगृह, आणि या उतरंडीच्या तळाशी ‘किचिन-यादो’. किचिन-यादोत जेवण मिळत नसे. प्रवासी आपले तांदूळ स्वतः आणी, चुलीवर शिजवून घेई आणि मालकाला मुख्यतः जळणाचे पैसे देई. अंथरूण सामाईक, खोली सामाईक आणि शेजारी कोण झोपणार हे आधी ठाऊक नसलेले. फिरते विक्रेते, खेळ करणारे, यात्रेकरू आणि कामाच्या शोधात निघालेले लोक यांचा हाच आसरा होता.

शेतकऱ्याला गाव सोडून हिंडण्याची मोकळीक नव्हती. त्याला परवान्याची गरज असे आणि हाकोनेसारख्या नाक्यांवर प्रवाशांची तपासणी, विशेषतः एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची, कसून होई. मात्र तीर्थयात्रेचे कारण सहसा नाकारले जात नसे आणि इसे येथील महामंदिराची यात्रा तर आयुष्यात एकदा तरी घडावी असे मानले जाई. यात्रेचा खर्च एकट्या कुटुंबाला झेपणारा नसल्याने गावोगावी ‘को’ नावाची मंडळे उभी राहिली. आपल्याकडील भिशीप्रमाणे सभासद ठरावीक रक्कम जमा करत, चिठ्ठी काढत आणि ज्याची चिठ्ठी निघे तो सर्वांच्या वतीने यात्रेला जाई. परतताना तो प्रत्येक घरासाठी देवाचा प्रसाद-ताईत घेऊन येई. ईशान्य जपानातील गावांहून इसेला जाणाऱ्यांची वाट एदोवरून जात असल्यामुळे देवदर्शनाच्या निमित्ताने राजधानीही पाहून होई. जपानी सामान्य माणसाची महानगराची पहिली सफर अशी गावाच्या सामाईक पैशातून घडली ही गोष्ट मोलाची आहे, कारण त्या पैशाचा हिशेब गावाला द्यावा लागे आणि म्हणूनच या यात्रेकरूंच्या रोजनिशींमध्ये मुक्काम, नावेचे भाडे, चहा, पायताणे यांचा खर्च बारकाईने नोंदलेला आढळतो.

या प्रवाशांसाठी यासुमी रोआन याने 1810 मध्ये ‘र्योको योजिन्शू’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रवासात घ्यावयाच्या काळजीविषयी त्यात 61 सूचना आहेत आणि त्यांचा व्यवहारीपणा आजही जाणवतो. पहिल्या काही दिवसांत उत्साहाच्या भरात फार चालू नये, पायताण पायाला नीट बसले आहे ना हे पाहावे, ओझे शक्य तितके कमी ठेवावे, असे रोआन सांगतो. त्याने दिलेल्या सामानाच्या यादीत खिशात मावणारी दौत-लेखणी, पंखा, सुईदोरा, छोटा आरसा, नोंदवही, कंगवा, कंदील, मेणबत्त्या, चकमक, तागाची दोरी आणि एक आकडा अशा वस्तू आहेत. दोरी आणि आकडा अशासाठी की, परक्या खोलीत सोबत्यांचे सामान एकत्र बांधून टांगता यावे. मुक्कामी पोहोचताच प्रथम दिशा समजून घ्याव्यात, घराची रचना, शौचकूप आणि पुढचे-मागचे दरवाजे पाहून ठेवावेत, असेही तो बजावतो. आग, चोरी किंवा भांडण उद्भवल्यास अंधारात बाहेर पडता यावे हा त्यामागचा हेतू. लाकूड आणि कागद यांच्या घरांच्या त्या देशात ही सूचना जीव वाचवणारी होती.

पैशांपेक्षाही मोठी अडचण विश्वासाची होती. हातागोंमध्ये ‘मेशिमोरी ओन्ना’ म्हणजे जेवण वाढणाऱ्या स्त्रिया ठेवलेल्या असत. प्रत्यक्षात त्यांच्याकडून देहविक्रय करवून घेतला जाई. अशा स्त्रियांची संख्या एका हातागोमागे दोनपेक्षा अधिक असू नये असा निर्बंध शोगुनशाहीने 1718 मध्ये घातला, पण तो पुरेसा पाळला गेला नाही. साध्या, एकट्या प्रवाशाला अशा ठिकाणी आग्रह सोसावा लागे किंवा कमाई नाही म्हणून दारातूनच परत पाठवले जाई. यावर उपाय निघाला तो प्रवाशांच्याच बाजूने. ओसाकातील व्यापारी मात्सुया जिन्शिरो याने 1804 मध्ये ‘नानिवा-गुमी’ (पुढे ‘नानिवा-को’) ही विश्वासार्ह मुक्कामांची संघटना स्थापन केली. सभासद हातागोच्या दारावर संघटनेची पाटी लागे, प्रवाशाजवळ ओळखीचा बिल्ला असे आणि मार्गावरील सर्व सभासद मुक्कामांची यादी छापील पुस्तिकेत मिळे. जुगार, वेश्यागमन व दंगा करणाऱ्याला तेथे थारा नव्हता. अनोळखी गावात कोणते दार ठोठावावे हे निघण्यापूर्वीच ठरवता येऊ लागले आणि स्वस्त प्रवासाच्या नियोजनाचा खरा आरंभ येथून मानण्यास हरकत नाही.

शोगुनशाहीनंतर सत्तेवर आलेल्या मेइजी राजवटीने 1869 मध्ये मार्गांवरील तपासणी नाके बंद केले, 1872 मध्ये शिम्बाशी ते योकोहामा रेल्वे धावू लागली आणि 1889 मध्ये ती कोबेपर्यंत पोहोचली. पायी प्रवास संपला तशी टप्प्यांवरील मुक्कामांची रयाही गेली. किचिन-यादो मात्र टिकले, कारण त्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले होते. खेड्यातून टोकियोत आलेला, घरभाड्याची अनामत भरू न शकणारा मजूर तेथे रात्रीच्या दराने वर्षानुवर्षे राहू लागला. 1886 मध्ये पटकीच्या साथीत जपानात एक लाखाहून अधिक माणसे दगावली. त्याच्या पुढच्याच वर्षी टोकियोच्या पोलीस खात्याने निवासगृहांचे नियम जारी केले आणि किचिन-यादोंना शहराच्या कडेच्या नेमून दिलेल्या भागांतच परवानगी राहिली. पत्रकार मात्सुबारा इवागोरो याने 1893 मध्ये आणि योकोयामा गेन्नोसुके याने 1899 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या वस्त्यांचे वर्णन आहे. मात्सुबारा स्वतः किचिन-यादोत राहिला आणि कळकट पांघरुणे, पिसवा व दाटीवाटीने झोपलेली कुटुंबे यांचे दर्शन त्याने वाचकांना घडवले. आजच्या टोकियोच्या नकाशावर स्वस्त निवासगृहांचे जे पुंजके दिसतात, त्यांच्या मागे साथीच्या धास्तीने आखलेल्या या हद्दीही आहेत.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध पुंजका म्हणजे सान्या. एदोहून उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गावर, सेन्जू या पहिल्या टप्प्याच्या अलीकडे ही वस्ती होती. तिच्या एका अंगाला 1657 च्या महाआगीनंतर हलवलेली योशिवारा ही वेश्यावस्ती आणि दुसऱ्या अंगाला कोझुकाप्पारा हे वधस्थान होते. दोषींना निरोप द्यायला आलेले आप्त ज्या पुलावरून मागे फिरत, त्याचे नाव नामिदाबाशी, म्हणजे अश्रूंचा पूल. पूल आता नाही, चौकाला ते नाव उरले आहे. 1945 च्या बॉम्बवर्षावात हा सारा परिसर जळाला. बेघरांसाठी तेथे आधी तंबू, मग लाकडी निवासगृहे उभी राहिली आणि मजूर त्यांना ‘दोया’ म्हणू लागले. ‘यादो’ म्हणजे मुक्कामाची जागा. ती अक्षरे उलटी करून हे नाव पडले.

1964 चे ऑलिम्पिक टोकियोत भरण्याचे ठरले आणि उन्नत महामार्ग, क्रीडागारे, भुयारी रेल्वे यांसाठी शहराला माणसांचे हात हवे झाले. 1960 च्या दशकात सान्यात दोनशेहून अधिक दोया आणि सुमारे 15,000 मजूर होते. भल्या पहाटे रस्त्यावर ‘योसेबा’ म्हणजे मजुरांचा नाका भरे, मुकादम ट्रकात माणसे भरून नेत, आणि ज्याला काम मिळाले नाही त्याला त्या रात्रीचे अंथरूणही मिळेल याची खात्री नसे. एका खोलीत भिंतीलगत लाकडी फळ्यांचे दोन मजले ठोकून आठ-दहा जणांची सोय केली जाई. या फळ्यांना मजूर ‘काइको-दाना’, म्हणजे रेशीमकिडे पाळण्याचे फडताळ, म्हणत. मुकादमांची लुबाडणूक आणि पोलिसांची वागणूक यांविरुद्ध येथे वारंवार दंगे उसळले. ओसाकातील कामागासाकी या अशाच वस्तीत 1961 च्या ऑगस्टमध्ये मोठा उद्रेक झाला. यावर प्रशासनाने केलेल्या उपायांपैकी एक असा की, 1966 मध्ये सान्या हे नाव पत्त्यांतून काढून टाकले आणि कामागासाकीला आइरिन हे नवे सरकारी नाव दिले. ज्यांच्या श्रमातून नवे टोकियो उभे राहिले, त्यांच्या वस्तीचे नावच पुसले गेले, हा अन्याय साधा नव्हता.

कॅप्सूल हॉटेलची कुळी थोडी वेगळी आहे. वास्तुकार किशो कुरोकावा याने 1972 मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात 140 सुट्या पेट्यांची नाकागिन कॅप्सूल इमारत उभारली. ती 2022 मध्ये पाडण्यात आली. ओसाकाच्या उमेदा भागातील एका सौना-व्यावसायिकाकडे रात्री शेवटची गाडी चुकलेले नोकरदार विश्रांतीच्या दालनात जमिनीवर आडवे होत. त्यांच्यासाठी झोपण्याच्या पेट्या बनवण्याचे काम त्याने कुरोकावाला दिले आणि 1 फेब्रुवारी 1979 रोजी ‘कॅप्सूल इन ओसाका’ सुरू झाले. सुमारे एक मीटर रुंद, एक मीटर उंच आणि दोन मीटर लांब अशा प्लॅस्टिकच्या पेट्या एकावर एक दोन थरांत मांडलेल्या. आत दिवा, गजराचे घड्याळ, छोटा दूरचित्रवाणी संच. पायाशी दाराऐवजी पडदा. स्नानगृह सामाईक, सामान कुलपाच्या कपाटात. सामग्री नवी आणि स्वच्छता वाखाणण्याजोगी असली तरी एकावर एक झोपण्याची ही मांडणी काइको-दानाचीच आहे, आणि कायद्यानेही दोन्हींना एकाच वर्गात ठेवले आहे.

1990 च्या दशकात जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, बांधकामे थंडावली आणि सान्यातील मजूर म्हातारे झाले. अनेकांचे भाडे सरकारी निर्वाह-साहाय्यातून भरले जाऊ लागले, खोल्या रिकाम्या पडू लागल्या. 2002 मध्ये फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा जपान व दक्षिण कोरियात भरली, तेव्हा स्वस्त खोलीच्या शोधात आलेल्या परदेशी प्रेक्षकांना काही दोया-मालकांनी दारे उघडली आणि मग इंग्रजी पाट्या लावून हा व्यवसाय पुढे चालवला. शहरातील गरीब मात्र नाहीसे झाले नव्हते. 2007 मध्ये आरोग्य व श्रम मंत्रालयाने केलेल्या पाहणीत, घर नसल्याने रात्रभर चालणाऱ्या इंटरनेट-कॅफेंत झोपणाऱ्यांची संख्या देशभरात सुमारे 5,400 असल्याचा अंदाज निघाला. ज्या कॅफेतील खुर्चीचा परदेशी तरुण एका रात्रीची गंमत म्हणून अनुभव घेतो, ती खुर्ची कोणाचे तरी घर असते.

2024 मध्ये जपानला भेट देणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या 3 कोटी 68 लाखांवर गेली. त्यांत भारतीयांची, आणि अर्थातच मराठी कुटुंबांची व विद्यार्थ्यांची, भर पडत आहे. अशा वाचकाने मुक्कामासाठी मिनामी-सेन्जू, कियोकावा किंवा निहोनझुत्सुमी या पत्त्यांवरील खोली निवडली, तर तो जुन्या सान्यातच उतरणार आहे. शेजारच्या निवासगृहांत ऑलिम्पिकच्या काळापासून राहत आलेले वृद्ध मजूर आजही असतात आणि त्यांची झोप लवकरची असते. रात्री जिन्यात व वाटेवर आवाज करू नये, रस्त्यात बसलेल्या वृद्धांची छायाचित्रे काढू नयेत आणि जमल्यास एका सकाळी नामिदाबाशीच्या चौकापर्यंत चालत जाऊन हा परिसर पाहावा.