जुळणी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘मॅच झालं का?’ शरीर परक्याला नाकारतं, म्हणून ऊती जितक्या जुळतील तितका अवयव टिकेल, ही त्यामागची समजूत.

हा पूर्वपक्ष निराधार नाही. 1954 साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्येच झालं होतं. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांच्या, जुळणीचा फायदा आजही नाकारता येत नाही. आक्षेप आहे तो ‘जितकं-तितकं’ या सरळ हिशेबाला.

तो हिशेब मोडला पॉल तेरासाकी यांनी. 1964 साली ऊतितपासणीची सुटसुटीत पद्धत देणारे तेच. 1995 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या नोंदी मांडल्या. तीन वर्षांनंतर आई-वडिलांनी दिलेली 82 टक्के मूत्रपिंडं चालू होती, मृत दात्यांची 70 टक्के आणि पती-पत्नींनी एकमेकांना दिलेली 85 टक्के. जोडीदारांमध्ये जुळणी तर कमीच असते. या यशाचं श्रेय जुळणीला किंवा अवयव बर्फात कमी वेळ राहण्याला देता येत नाही, ही मूत्रपिंडं मुळात धडधाकट होती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अवयवाच्या प्रकृतीचा नकाराशी संबंध काय? रक्तपुरवठा तुटला की पेशीतलं एटीपी हे ऊर्जेचं चलन घटतं आणि मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट साचतं. रक्त पुन्हा वाहू लागताच ते झपाट्याने जळतं, इलेक्ट्रॉन उलटे फिरतात आणि सुपरऑक्साइड या घातक रेणूंचा लोंढा उसळतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2014 मध्ये हे दाखवलं. घायाळ पेशींतून एचएमजीबी1सारखी प्रथिनं बाहेर पडतात. त्यांनी जाग्या झालेल्या डेन्ड्रिटिक या पहारेकरी पेशी मग हल्ला करणाऱ्या टी-पेशींना परकेपणाची वर्दी देतात. परकेपणा आधीपासून असतोच. त्याविरुद्ध उठाव किती जोराचा होईल, हे बरंचसं या इजेवर ठरतं. म्युनिकच्या वॉल्टर लँड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी सुपरऑक्साइड निकामी करणारं विकर दिलं, तेव्हा तीव्र नकाराचं प्रमाण 33.3 वरून 18.5 टक्क्यांवर आलं (1994). हे औषध पुढे रूढ झालं नाही. पण जुळणीला हात न लावता नकार घटू शकतो, हे त्यातून दिसलं.

मग पेशीवरचा सगळा ताण वाईटच, असं म्हणावं का? तेही दुसरं टोक. 1986 मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी पाच-पाच मिनिटं चारदा बंद केली. नंतरच्या चाळीस मिनिटांच्या रक्तबंदीत त्या हृदयांचं नुकसान इतरांच्या सुमारे एक चतुर्थांशच झालं. बेताचा ताण पेशीची संरक्षणयंत्रणा सज्ज करतो. मात्र हात-पायाचा रक्तप्रवाह काही वेळ रोखून मूत्रपिंड प्रत्यारोपणात हाच लाभ मिळवण्याच्या प्रयोगांना ठाम यश आलेलं नाही. प्रयोगशाळेतलं तत्त्व थेट रुग्णाला लागू करण्याची घाई नको.

यश दिसलं ते दात्याच्या देखभालीत. 2015 च्या अमेरिकी चाचणीत मेंदूमृत दात्यांचं तापमान 34 ते 35 अंशांवर ठेवलं, तेव्हा प्रत्यारोपणानंतर पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागण्याचं प्रमाण 39 वरून 28 टक्क्यांवर आलं. अवयवासाठी रस्ता मोकळा ठेवणाऱ्या ग्रीन कॉरिडॉरने वाचलेली मिनिटं मोलाचीच. पण अवयव रुग्णवाहिकेत चढण्याआधीच त्याचं बरंच भवितव्य ठरलेलं असतं. म्हणून दात्याच्या अतिदक्षता विभागातली शुश्रूषा ही प्रत्यारोपणाची पूर्वतयारी नव्हे, पहिला टप्पा मानायला हवी, आणि तिथले डॉक्टर-परिचारिका प्रत्यारोपणाच्या चमूचाच भाग.