भोगावतीचा धडा

भूगोल म्हणजे नकाशावरील नावे, अशी आमची शाळकरी समजूत होती. ती राधानगरीच्या धरणाने मोडली. सह्याद्रीच्या या कुशीत पाऊस धो धो कोसळे, पण ते पाणी भोगावतीतून वाहून जाई आणि उन्हाळ्यात खालची शिवारे तहानलेली राहत. १८९६-९७ च्या दुष्काळाचा घाव शाहू महाराजांनी पाहिला. पुढे त्यांनी हे धरण हाती घेतले. १९२२ मध्ये महाराज निवर्तले. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. पाणी आले, तसा ऊस वाढला. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. भूगोलाच्या अभ्यासकाने केवळ पाऊस मोजून थांबू नये. अडविलेल्या पाण्याने कोणाच्या ताटात काय वाढले, हेही मोजावे, असे आम्हांस वाटते.