शिधा आणि तोबरा

यवतमाळ शहराला खेटून असलेले लोहारा वर्धा नदीच्या पश्चिमेला, वऱ्हाडात येते. अठराव्या शतकात या सगळ्या वऱ्हाडावर दुहेरी अंमल होता. एकाच गावाकडून निजामाचा माणूस वसूल घेई आणि नागपूरकर भोसल्यांचाही. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख निजामाकडे गेला. या घडामोडींच्या पुस्तकात लढाया असतात: अडगाव, गाविलगड, आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ सिवनीला झालेली दुसऱ्या बाजीरावाची दाणादाण. गावे मात्र लढायांच्या भीतीने बांधली गेली नव्हती. वऱ्हाडातल्या गढ्या पाहा. पांढऱ्या मातीच्या, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या भिंती, आत शिरायला एकच दरवाजा, आणि ज्वारी ठेवलेली जमिनीखालच्या पेवात. तोफा आणलेल्या सैन्यापुढे ही भिंत दिवसभरही टिकली नसती. ती होती घोड्यावरून येऊन घटकाभरात धान्य, भांडी, गुरे घेऊन जाणाऱ्यांसाठी. युद्धात सामान्य माणसाचा जीव कशाने जातो, याचे उत्तर या भिंतींत आहे. ज्या सैन्याच्या पोटाची आणि पगाराची सोय त्याच्या धन्याने केलेली नसते, ते सैन्य रयतेला खाते. रयतेला वाचवणारा कायदा कितीही उदात्त असला, तरी तो आधी या सोयीवर उभा राहतो.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र आपण दयाळूपणाचा नमुना म्हणून वाचतो. ते नीट वाचले तर दिसते की त्यातला मोठा भाग दाणावैरणीच्या हिशेबाचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले धान्य आणि गवत आताच उधळले तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी भाजी, आणि लोकांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असा तो सरळ क्रम आहे. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत बारकाईने बजावले आहे. रयतेच्या भाजीचे रक्षण कोठारातल्या गवताच्या काडीपासून सुरू होते, हे ज्याला कळले त्याने हे पत्र लिहिले.

याच्या दुसऱ्या टोकाला पेंढारी. त्यांना पगार नव्हता. उलट लुटीच्या परवानगीपोटी तेच दरबाराला पालपट्टी भरत. १८१६ च्या मार्चमध्ये गुंटूरकडे झालेल्या एका स्वारीची कंपनी सरकारने चौकशी केली, तेव्हा साडेअकरा दिवसांत लुटलेली गावे ३३९, ठार १८२, गंभीर जखमी ५०५ आणि छळ झालेली माणसे ३,६०३ निघाली. हे शेवटचे दोन आकडे मला सर्वांत बोलके वाटतात. मारणे हा हेतू नव्हता, पुरलेले काढून घेणे हा होता. म्हणून घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरायची आणि तो माणसाच्या तोंडाला बांधायचा. हे सगळे पेंढाऱ्यांवर ढकलून मराठी माणसाला सुटता येणार नाही. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालमध्ये गेल्या, आणि तिथे आजही आई मुलाला झोपवताना ज्या बर्गींचे नाव घेते ते बारगीर आपलेच. शिवाजी महाराजांचा दंडक विसरला गेला नव्हता. पण आता फौज चौथाई आणि लूट यांवर पोसायची ठरली होती.

यावर गाविलगडाचा दाखला कोणी देईल, आणि तो खरा आहे. इंग्रज सेनापती वेलस्लीचे सैन्य वेळेवर पगार घेणारे, बैलांच्या तांड्यांवरून धान्य मिळणारे, आणि लुटीबद्दल शिपायाला फासावर चढवण्याइतके कडक. तरी १५ डिसेंबर १८०३ ला किल्ला घेताना आत मोठी कत्तल झाली. मग सोय असून काय उपयोग झाला? माझ्या मते, इथे पोट नव्हे, नियमच आडवा आला. तटाला खिंडार पडल्यावरही जो किल्ला शरण येत नाही, त्यातल्यांना जीवदान देणे बंधनकारक नाही, असा युरोपातल्या युद्धांचा जुना रिवाज होता. शिस्तीचे सैन्य नियमात जेवढे लिहिलेले असते तेवढेच पाळते. नियमाला भोक असेल तर शिस्त त्या भोकातूनच जाते. म्हणजे सोय आधी लागते, पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या काळी धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांना लढणारे दोन्ही पक्ष सहसा हात लावत नसत, कारण गरज दोघांनाही होती. पण ज्याची कोणाला गरज नाही अशा कुणब्याला, म्हाताऱ्याला, बाळंतिणीला असे संरक्षण रिवाजाने मिळत नव्हते. तिथे लिखित कायदाच हवा.

आज विमानातून बाँब टाकणारा भाकरीसाठी येत नाही, मग हा जुना हिशेब कशाला, असाही प्रश्न येईल. पण वेढा घालून उपाशी मारणे संपलेले नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने शत्रूच्या ताब्यातल्या नागरिकांना संरक्षण दिले आणि लूट निषिद्ध केली. १९७७ च्या पहिल्या जोड-कराराच्या ५४ व्या कलमाने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन करायला मनाई केली, आणि पिके, शेतजमीन, गुरे, पिण्याच्या पाण्याची ठिकाणे यांची नावे घेऊन ती नष्ट करू नयेत असे सांगितले. हलवर्णच्या पत्रातली भाजी इथे तीनशे वर्षांनी कलमात आली. १९४९ चे करार आपण मान्य केले आणि त्यांसाठी १९६० चा कायदाही केला; १९७७ च्या त्या जोड-करारात मात्र भारत अजून सामील झालेला नाही. सोयीने काय बदलते, ते मात्र पुन्हा लोहाऱ्याकडे वळले की दिसते. लोहाऱ्यासारख्या गावांचा सारा १८५३ पासून निजामाच्या नावाने ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगारासाठी इंग्रजांकडे लावून दिलेला होता. सैन्य तेव्हाही रयतेच्याच ज्वारीवर जगत होते. फरक एवढाच, की मागायला पावती घेऊन तलाठी-पटवारी येत होता, आणि पेव कुठे आहे हे विचारायला कोणी तोबरा घेऊन येत नव्हते.